यादीतला मी आणि यादीत नसलेली काकू

पोस्ट मोठी आहे. सवड असेल तेव्हा वाचा, पण अर्धी वाचून भांडायला येऊ नका.

सप्टेंबरच्या पावसात आपल्या जिल्ह्याचं काय झालं ते नव्यानं सांगायची गरज नाही. सोयाबीन पाण्यात उभं राहिलं आणि पाण्यातच कुजलं. मग पंचनामे झाले. ७ ऑक्टोबरला सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. जिरायतीला हेक्टरी साडेआठ हजार, तीन हेक्टरची मर्यादा, रब्बीच्या बी-बियाण्यासाठी हेक्टरी दहा हजार. आणि त्यामागून सुरू झाला याद्यांचा हंगाम.

गावाच्या ग्रुपवर पीडीएफ पडते. माणूस पहिल्यांदा स्वतःचं नाव शोधतो. दुसऱ्यांदा शेजाऱ्याचं. मग रात्री पारावर हिशोब सुरू होतो, याला किती पडले, त्याला कामून पडले, आपलं क्षेत्र कमी कसं धरलं.

परवा गावाकडून दोन पोरांचा फोन आला. "सर, तुम्ही लिवा यावर. कोणाला किती पडले त्याची पूर्ण यादी बोर्डावर लागली पाहिजे. ज्याचं काहीच गेलं न्हाई त्याला बी पैसे पडलेत."

लिहितो म्हणालो. लिहायला बसलो आणि अडकलो. कारण यादी जाहीर करा असं म्हणण्याआधी मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाच वर्षं झाली, गावाला माहीत आहे, पण मी स्वतः कधी तोंडानं बोललो नाही.

मी स्वतः एका यादीत होतो. आणि ते नाव तिथं असायला नको होतं.

पीएम किसान योजना २४ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झाली. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजाराचे तीन हप्ते. त्याच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत गावोगाव घाईघाईनं कागद गोळा झाले. आठ-अ, आधारची झेरॉक्स, पासबुकाची झेरॉक्स आणि एक स्वयंघोषणापत्र. वडिलांनी वाटणीत अडीच एकर माझ्या नावावर केलेली आहे. मी परभणीला अनुदानित शाळेत शिक्षक. पगारातून दरवर्षी आयकर कापला जातो. आणि योजनेचा नियम पहिल्या दिवसापासून स्पष्ट होता की आयकर भरणाऱ्याला हे पैसे नाहीत.

वडिलांनी घरातल्या सगळ्यांच्या कागदांबरोबर माझेही कागद देऊन टाकले. पण स्वयंघोषणापत्रावरची सही माझीच. शनिवारी गावी गेलो होतो, ओट्यावर बसून चहा पीत पीत केली. वाचलं नाही.

पहिले दोन हजार जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा मात्र कळलं. मनात पहिला विचार काय आला सांगू? "सगळ्यांनाच पडलेत की." दुसऱ्या हप्त्याला म्हणालो, परत कसे करायचे कुणाला माहीत? तिसऱ्या हप्त्याला विचार करणंही सोडून दिलं. विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नाही. असे पाच हप्ते, दहा हजार रुपये.

२०२० संपत आलं तेव्हा आयकर भरणाऱ्या लाभार्थ्यांच्या याद्या निघाल्या. वसुलीच्या नोटिसा आल्या. आमच्या गावची यादी भिंतीवर लागली, तिच्यात अकरा नावं. मी चौथा. त्या यादीपुढं उभा होतो तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या आबांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "सर, तुमचं बी हाय की."

एवढंच. त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

लागायला अजून एक कारण होतं. २०१७ च्या कर्जमाफीच्या वेळी गावात अर्जांचं चावडी वाचन झालं होतं. दीड लाखापर्यंतची ती माफी. एक एक नाव मोठ्यानं वाचलं जायचं आणि गावानं हरकत असेल तर सांगायची. त्या दिवशी उभं राहून दोन नावांवर हरकत घेणारा मीच होतो. "हे नोकरदार आहेत, यांना कशी मिळेल?" असं छाती काढून विचारलं होतं. त्यातला एक जण पुढं दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मी वर्गात शिकवतो. तिचा अर्थ त्या भिंतीपुढं कळला.

दहा हजार भरले. पावती घेतली. ती अजून कपाटात आहे.

नंतर पेपरात वाचलं की मी एकटा नव्हतो. वेंकटेश नायक यांनी माहिती अधिकारात विचारलं तेव्हा केंद्र सरकारनंच उत्तर दिलं होतं की २०२० च्या जुलैपर्यंत २० लाख ४८ हजार अपात्र लोकांच्या खात्यात १,३६४ कोटी रुपये गेले. त्यातले निम्म्याहून जास्त माझ्यासारखे आयकर भरणारे. आणि सगळ्यात जास्त अपात्र ज्या पाच राज्यांत सापडले त्यात आपला महाराष्ट्र होता.

म्हणजे यादीमुळं माझी चोरी पकडली गेली. चोरी हा शब्द मीच वापरतोय, तुम्हाला वापरायला लावत नाही. यादीचा उपयोग आहे हे मी अनुभवानं सांगतो.

पण आता दुसरी बाजू.

आमच्या वाड्याच्या मागच्या अंगाला काकू राहते. माझी सख्खी चुलती. काका २०१६ ला गेले. तीन एकर कोरडवाहू, दोन्ही पोरी लग्न होऊन गेल्या. काकू स्वतः औतामागं जात नाही, पण निंदणी, वेचणी, सगळं तिचं. पीएम किसान कुणासाठी काढली असं विचारलं तर मी काकूकडं बोट दाखवीन. ती योजना तिच्यासाठीच होती.

आणि काकू यादीत नव्हती.

कारण काय? जमीन काकांच्याच नावावर राहिली होती. वारसाची नोंद अडकली होती, कारण सातबाऱ्यावर काकांचं नाव एका तऱ्हेनं आणि मृत्यूच्या दाखल्यावर एका काना-मात्रेच्या फरकानं. त्या एका मात्रेपायी फेरफार पडून. खरं तर योजनेच्या नियमात सोय होती. १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर झालेली जमीन चालत नाही, पण खातेदार मयत होऊन वारसाच्या नावावर आलेली चालते. हे काकूला कुणी सांगितलं नाही. मीही नाही. माझ्या खात्यात पैसे पडत होते, मला नियम वाचायची गरजच कुठं होती?

ती दर चार महिन्यांनी बँकेत जायची. पासबुकावर शिक्का मारून घ्यायची. "पडले न्हाईत" म्हणत परत यायची. एकदा मला म्हणाली, "बापू, यादीत नाव असलं की भिंतीवर लावतात. यादीत नाव नसल्याचा कागद कुठं मिळतो रे?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. या सगळ्या पोस्टमध्ये मला सांगायचं ते एवढंच आहे. बाकीचं मी जे लिहितोय तो त्याचा खुलासा.

आपल्याकडं पारदर्शकता म्हणजे कुणाला मिळालं त्याची यादी. ही यादी एकाच चुकीला पकडते, ज्याला मिळायला नको त्याला मिळालं. दुसरी चूक, ज्याला मिळायला पाहिजे त्याला नाही मिळालं, ती यादीत दिसतच नाही. दिसणार कशी? ती यादीच्या बाहेर उभी असते, पासबुक घेऊन.

आणि ही दुसरी चूक लहान नाही. २००८ ची केंद्राची कर्जमाफी आठवत असेल. कॅगनं २०१३ मध्ये तिचा अहवाल दिला. माफी मिळालेली जी खाती त्यांनी तपासली त्यात शंभरात साडेआठ अपात्र निघाली. याच्यावर टीव्हीवर किती आरडाओरडा झाला होता. पण त्याच अहवालात दुसरा आकडा आहे. ज्यांना माफी मिळाली नव्हती अशी ९,३३४ खाती त्यांनी तपासली, तर १,२५७ खाती पात्र असूनही वगळलेली होती. शंभरात तेराच्या वर. त्या तेरांसाठी कुणी ओरडल्याचं मला आठवत नाही. ज्याला मिळालं त्याचा हेवा करायला सगळं गाव असतं. ज्याला मिळालं नाही त्याची बाजू घ्यायला तो एकटाच असतो.

आता कुणी म्हणेल, सर, स्वतःचं नाव आलं म्हणून तुम्ही यादीवरच घसरलात. नाही. यादी पाहिजेच. शेजारच्या जालना जिल्ह्यात काय झालं बघा. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानात पंचवीस कोटींच्या घरातला घोटाळा निघाला. शेती नसलेल्यांच्या नावानं, क्षेत्र फुगवून पैसे उचलल्याचं चौकशीत आलं. तलाठी निलंबित झाले, ऑगस्ट २०२५ मध्ये गुन्हा दाखल झाला. आता विचार करा. हीच नावं पैसे पडायच्या आधी चावडीवर मोठ्यानं वाचली असती तर? ज्याची गावात गुंठाभर जमीन नाही त्याचं नाव ऐकल्यावर पाच मिनिटांत कुणीतरी म्हणालं असतं, "हा कोण बाबा?" त्याला ऑडिट लागत नाही, गाव लागतं.

चावडी वाचन आणि पीडीएफ यात हाच फरक आहे. चावडीवर नाव ऐकलं की जागेवर हरकत घेता येते, आणि वगळलेल्याला जागेवर विचारता येतं, "माझं कामून न्हाई?" पीडीएफला काकू काय विचारणार? तिला वाचताही येत नाही.

उलट पीडीएफनं दुसराच त्रास होतो. या वेळी ग्रुपवर फिरलेल्या एका यादीत नावापुढं मोबाईल नंबर आणि खाते नंबरसुद्धा होते. दोन दिवसांत गावात फोन सुरू झाले, "तुमची केवायसी राहिली आहे, ओटीपी सांगा." जिथं झाकायला पाहिजे तिथं आपण उघडं ठेवतो.

"जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आपण कौतुकानं म्हणतो, तर त्या जर्मनीचीच एक गोष्ट सांगतो. युरोपात शेतकऱ्यांना मोठी अनुदानं मिळतात. कुणाला किती मिळाले ते २००९ पासून सगळ्यांची नावं टाकून इंटरनेटवर जाहीर व्हायला लागलं. जर्मनीतल्या हेसन राज्यातले काही शेतकरी कोर्टात गेले. म्हणाले, आमचं उत्पन्न साऱ्या जगाला का दाखवता? प्रकरण युरोपच्या वरच्या न्यायालयात गेलं आणि ९ नोव्हेंबर २०१० ला निकाल लागला. जनतेच्या पैशाचा हिशोब जनतेला कळला पाहिजे हे कोर्टानं मान्य केलं. पण रक्कम किती, मदत कसली, याचा काही विचार न करता सरसकट प्रत्येक माणसाचं नाव टाकणं चूक ठरवलं. मग नियम बदलले. आता मोठी रक्कम घेणाऱ्याचं नाव जाहीर होतं, आणि साधारण १,२५० युरोपर्यंतच्या लहान शेतकऱ्याचं नाव झाकलं जातं.

तिथला विचार असा की रक्कम मोठी तेवढा उजेड जास्त. आपल्याकडं मात्र उलटं आहे. दोन हजारवाल्याचं नाव भिंतीवर आणि कोटीवाल्याचं फायलीत.

कोटीवाला कोण म्हणता? पीकविमा घ्या. पंतप्रधान पीकविम्यात खरिपाला शेतकऱ्याचा हप्ता दोन टक्के. त्याच्या वरचा हप्ता राज्य आणि केंद्र भरतं, शेतकऱ्याच्या नावानं. हे अनुदानच आहे, फक्त ते आपल्या खात्यात येत नाही, विमा कंपनीच्या खात्यात जातं. २०१८ मध्ये पी. साईनाथ यांनी अहमदाबादच्या सभेत आपल्याच परभणीचं उदाहरण दिलं होतं. त्यांचा हिशोब असा: जिल्ह्यात २ लाख ८० हजार शेतकऱ्यांनी सोयाबीन पेरलं, १९ कोटी २० लाख शेतकऱ्यांनी भरले, ७७ कोटी राज्यानं, ७७ कोटी केंद्रानं. एकूण १७३ कोटी. पीक गेलं, आणि कंपनीनं भरपाई दिली ३० कोटी.

१७३ आणि ३०. या दोन आकड्यांची पीडीएफ तुमच्या गावच्या ग्रुपवर कधी आली का? कोणत्या मंडळात किती पीककापणी प्रयोग झाले, उत्पन्न किती धरलं, कुणाच्या सह्या होत्या, हे तुमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कधी लागलं का? माझे दहा हजार भिंतीवर लागले. लागायलाच पाहिजे होते. पण भिंत सगळ्यांना सारखी पाहिजे.

बोगस विम्याचंही खरं आहे, ते मी झाकत नाही. एक रुपयात विमा आला तसे सरकारी जमिनीवर, देवस्थानाच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या शेतावर परस्पर अर्ज भरले गेले. राज्यात असे सुमारे चार लाख अर्ज बोगस निघाल्याचं कृषिमंत्र्यांनीच २०२५ च्या सुरुवातीला सांगितलं होतं. पुढं एक रुपयाची योजनाच बंद झाली. भरलं कुणी, भोगलं कुणी? काकूला आता पुन्हा दोन टक्क्यांनी हप्ता भरावा लागतो.

आता कायद्याचं थोडं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, रकमा किती आणि लाभार्थी कोण, हे कार्यालयानं स्वतःहून जाहीर करायचं. अर्ज करायचीही गरज नाही. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यानं त्याच माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं, आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना कार्यालयाला कारण जुळवावं लागायचं. आता "वैयक्तिक आहे" एवढं म्हटलं तरी नकार देता येतो. जनहितासाठी माहिती देता येईल असं कलम ८(२) अजून आहे, कलम ४ सुद्धा आहे. पण मला भीती वाटते ती ही की यापुढं लहान माणसाचा मोबाईल नंबर ग्रुपवर फिरतच राहील आणि मोठ्या माणसाची फाईल मात्र वैयक्तिक ठरेल.

म्हणून त्या दोन पोरांना, आणि तुम्हा सगळ्यांना, माझं सांगणं आहे. २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. झेंडावंदन झालं की जिलेबी घेऊन घरी जाऊ नका, थांबा. आणि चार गोष्टी मागा.

एक, अतिवृष्टीच्या मदतीची यादी मोठ्यानं वाचा. नाव, गट नंबर, क्षेत्र, रक्कम. खाते नंबर, आधार, मोबाईल वाचू नका आणि ग्रुपवर टाकू नका.

दोन, दुसरी यादी वाचा. ज्यांना मिळालं नाही त्यांची. नावापुढं कारण पाहिजे. वारस नोंद बाकी, केवायसी बाकी, फार्मर आयडी नाही, पंचनाम्यात क्षेत्र नाही, जे असेल ते. कारण कळलं तर माणूस धावपळ करू शकतो. कारणच कळलं नाही तर फक्त बँकेत खेटे मारतो.

तीन, अडकलेल्या वारस नोंदी किती आणि कधीपासून, ते त्याच सभेत सांगा. आपल्याकडची निम्मी वगळणूक तिथंच होते असा माझा अंदाज आहे, गावागावात मोजलं तर कळेल.

चार, आपल्या मंडळाचे पीककापणीचे आकडे आणि विम्याचा हिशोब, गोळा किती झाले आणि वाटले किती, तोही भिंतीवर लावा.

आणि ज्याच्या खात्यात चुकून पैसे पडलेत त्यानं भिंतीवर नाव लागायची वाट बघू नये. स्वतः जाऊन भरावेत. मी वाट बघितली, म्हणून सांगतो. हप्ता पडला त्या दिवशी परत करताना फक्त दोन हजार जातात. नंतर बरंच काही जातं.

काकूचं पुढं काय झालं ते राहिलंच. नोटीस आली त्याच्या पुढच्या आठवड्यात मी तिच्या कागदांची पिशवी घेतली. ते प्रायश्चित्त होतं की लाज, मला माहीत नाही. दुरुस्तीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, गावातल्या पाच माणसांच्या सह्यांचा पंचनामा, चौदा-पंधरा चकरा. मी शिकलेला माणूस, तरी मला दीड वर्ष लागलं. २०२२ च्या उन्हाळ्यात फेरफार मंजूर झाला आणि काकूचं नाव सातबाऱ्यावर आलं. त्यानंतर हप्ते सुरू झाले. मागचे मिळाले नाहीत. तीन वर्षांचे अठरा हजार गेले ते गेलेच, आणि ते गेल्याची नोंद कोणत्याही यादीत नाही.

पहिला हप्ता पडला तेव्हा काकूनं पासबुक माझ्यापुढं धरलं. म्हणाली, "बघ बरं, माझंच नाव हाय का?"

मी वाचून दाखवलं. तिनं परत एकदा वाचायला लावलं.